कारलं, कडुलिंब आणि बिअर

आपल्याकडे बिअरबद्दल दोनच प्रश्न विचारतात. थंड आहे का, आणि चढते का? चवीचं कोणी विचारत नाही. हापूस चांगला की पायरी यावर आपण तासभर भांडू, मिसळीचा रस्सा पुण्याचा की कोल्हापूरचा यावर मैत्री तोडू, पण बिअरचा विषय निघाला की "कडू असते" एवढं बोलून गप्प बसू. जणू कडू ही चवच नाही! अहो, आपण कारल्याची भाजी आवडीने खाणारी माणसं. मेथीचे लाडू करतो. गुढीपाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं ओवा, मीठ, हिंग, गूळ घालून वाटतो आणि वर्षाची सुरुवात कडू चवीने करतो. कडू आपल्याला कळत नाही असं मी तरी मानणार नाही.

सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मास्तराने या विषयावर लिहावं का, असा प्रश्न काहींना पडेल. पडू दे. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी लीड्सला आणि आम्ही दोघं खराडीत, अशी आमच्या घराची वाटणी आहे. दर दीड-दोन वर्षांनी एकाकडे जाणं होतं. आधी मुलाने आग्रह केला, मग जावईबापूंनी. त्यांना वाटत होतं, बाबा एक घोट घेऊन तोंड वाकडं करतील. मी तोंड वाकडं केलं नाही. वही काढली. अडतीस वर्षं पेपर तपासल्यावर माणसाला कशालाही गुण द्यायची खोड लागते, त्याला काय करणार? गेल्या पंधरा वर्षांत दोन्ही देशांतल्या मिळून पंचवीस-तीस बिअर त्या वहीत आल्या आहेत. एका बैठकीत एक, कधी अर्धीच. आज त्यातली काही पानं उघडतो.

आधी थोडा पाठ. बिअरमध्ये मुख्य गोष्टी चार: जव म्हणजे आपले सातू, पाणी, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट. आपण नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, तसंच तिथे सातूला मोड आणून वाळवतात आणि भाजतात. याला माल्ट म्हणतात. कमी भाजलं तर बिअर सोनेरी आणि जास्त भाजलं तर काळी. गोडवा माल्टचा, कडूपणा आणि वास हॉप्सचा. बाकीचं काम यीस्ट करतं, आपल्या घरी विरजण करतं तसं. एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आता अमेरिका. माझ्या वहीत तिथला पहिला नंबर सिएरा नेवाडा पेल एल या बिअरचा. गुण ८५. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात केन ग्रॉसमन यांनी १९८० साली ही सुरू केली, तेव्हा नवीन यंत्रं घ्यायला पैसे नव्हते म्हणून दूधडेअरीची जुनी भांडी जमवून काम चालवलं. त्यात कॅस्केड नावाचे हॉप्स असतात. ही जात अमेरिकेत १९७२ मध्ये लागवडीसाठी बाहेर आली. तिचा वास कसा, तर पपनस सोलताना बोटांना लागतो ना, अगदी तसा. पहिला घोट घेतला आणि मी मुलाला म्हटलं, "अरे, हे तर पपनस!" तो म्हणाला, "बाबा, इथे सगळे ग्रेपफ्रूट म्हणतात." म्हणू देत. आमच्या शाळेमागे पपनसाचं झाड होतं, माझ्यासाठी ते पपनसच. पपनसाच्या फोडीवरची पांढरी साल चुकून दाताखाली आली तर जो कडूपणा येतो, तोही या बिअरमध्ये शेवटी आहे. आधी वास, मग थोडा गोडवा, मग कडू. चांगल्या निबंधासारखी तिला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे.

तिथली सगळ्यांत नावडती कोणती? इथे थोडं जपून बोलतो, कारण ही बिअर जगभर खपते आणि खराडीतल्या कुठल्याही दुकानात मिळते. बडवायझर. गुण ४०. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझी नाही, एवढंच. तिच्यात सातूबरोबर तांदूळ असतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले सातू जास्त प्रथिनांचे होते, त्यामुळे बिअर जड आणि गढूळ व्हायची. ती हलकी करायला तिथल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी तांदूळ आणि मका वापरला. जाणकार म्हणतात, इतकी फिकी बिअर दरवेळी तंतोतंत सारखी करणं महाकठीण, कारण तिच्यात चूक लपवायला जागा नसते. पटतं मला. सुवाच्य अक्षरात, एकही चूक नसलेला, पण स्वतःचं एकही वाक्य नसलेला पेपर असतो ना, तशी ती लागते.

दुसऱ्या टोकाला डबल आयपीए. मुलाच्या मित्रांची ही लाडकी. आठ-नऊ टक्के अल्कोहोल आणि कडूपणा असा की कारल्याने हात जोडावेत. माझ्या सौ.ने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अहो, पाडव्याला गूळ घालायचा विसरलं कोणीतरी." याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. गुण ४५, तेही हॉप्सच्या वासाला.

या आयपीएतला 'आय' म्हणजे इंडिया, म्हणजे आपणच. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो इथला हॉजसन नावाचा उत्पादक ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून इकडे बिअर पाठवायचा. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास. हॉप्स जास्त घातले की बिअर टिकते, हे तिथे आधीपासून माहीत होतं. पुढे १८२२ च्या सुमारास बर्टन गावचा ऑलसॉप या धंद्यात उतरला आणि बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्याने बाजी मारली. गोऱ्या सैनिकांसाठी आयपीए शोधली गेली, अशी गोष्ट सांगतात. ती फारशी खरी नाही. ती प्यायचे साहेबलोक आणि व्यापारी. साध्या सैनिकाच्या वाट्याला बहुतेक काळीभोर पोर्टर यायची. मुंबईच्या उकाड्यात काळी पोर्टर! बिचारे. गंमत म्हणजे आपल्या नावाची ही बिअर इंग्लंडमध्येही हळूहळू मिळमिळीत झाली, आणि तिला पुन्हा कडू केलं ते अमेरिकनांनी.

त्यामागेही एक कारण आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ संपूर्ण दारूबंदी होती. त्यात लहान कारखाने मेले, उरलेले मोठ्यांनी गिळले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एवढ्या मोठ्या देशात बिअरचे कारखाने शंभराच्या आत आले होते. १९७८ मध्ये घरी बिअर बनवायला केंद्राच्या कायद्याने मोकळीक मिळाली आणि हौशी मंडळी गॅरेजमध्ये प्रयोग करू लागली. आज तिथे नऊ हजारांहून अधिक कारखाने आहेत. उपाशी माणूस जेवायला बसल्यावर मिरचीही जास्त खातो, तसा त्यांचा हा कडूपणा मला वाटतो.

आता इंग्लंड. आधी एक दुरुस्ती. गिनेस ही ब्रिटिश बिअर नव्हे. ती डब्लिनची, म्हणजे आयर्लंडची, १७५९ पासूनची. लीड्सला जावईबापूंच्या एका स्नेह्यांनी ती ब्रिटिश यादीत घातली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आयरिश आजोबांनी मानेनेच नाही म्हटलं. तेव्हा तिला माझ्या वहीत वेगळं पान आहे.

ब्रिटिशांत माझी पहिली आणि एकूणच पहिली म्हणजे टिमथी टेलरची लँडलॉर्ड. गुण ९२. (माझ्याकडे ९२ कोणाला मिळत नसत, हे माझे विद्यार्थी सांगतील.) लीड्सहून आगगाडीने अर्ध्या तासावर एक गाव आहे, त्याचं स्पेलिंग वाचून तुम्ही कीघली म्हणाल, पण उच्चार कीथली. तिथे १८५८ पासून हा कारखाना आहे. लँडलॉर्डने ब्रिटनच्या सर्वोत्तम बिअरचा किताब चार वेळा मिळवला आहे: १९८२, १९८३, १९९४ आणि १९९९. चव सांगायची तर आधी खमंग भाजलेल्या रव्याचा वास, मग काकवीची पुसटशी आठवण, आणि शेवटी संत्र्याच्या सालीसारखा तुरट-कडूपणा. काहीही अंगावर येत नाही.

पण खरी मजा ती कशी देतात यात आहे. ही कास्क बिअर. पिंपात भरल्यावरही यीस्ट जिवंत असतं आणि तळघरात बिअर तयार होत राहते. वरून गॅस सोडत नाहीत, हातपंपाने ओढून काढतात. पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबतं. आपल्या ताकासारखं, आजचं आज. आणि ती बर्फासारखी गार नसते. बारा अंशांच्या आसपास असते. लोक "कोमट बिअर" म्हणून हसतात, पण माठातलं पाणी आणि फ्रिजमधलं पाणी यांतला फरक ज्याला कळतो त्याला हे समजावं लागणार नाही. अतिथंड झालं की जिभेला काही कळत नाही. साठच्या दशकात ही पद्धत मोडीत निघत होती. १९७१ मध्ये चार मित्रांनी चळवळ उभी केली, तिचं आजचं नाव कँपेन फॉर रिअल एल, आणि ती टिकली. एका पेयासाठी इतकी वर्षं चालणारी ग्राहक चळवळ! आपल्याकडे लोकांना ताकासाठी असं काही करायला काय हरकत आहे?

इंग्लंडमधली नावडती म्हणजे पारदर्शक काचेच्या बाटलीतली एक ब्राउन एल. नाव सांगत नाही, कारण दोष दुकानाच्या खिडकीतल्या उन्हाचाही असेल. पारदर्शक काचेतून उजेड गेला की हॉप्समधली द्रव्यं बिघडतात आणि एक उग्र वास येतो. म्हणून तर बहुतेक बिअर तपकिरी बाटलीत भरतात. गुण ३०.

इथवर सगळं गमतीचं होतं. आता जे लिहायचं आहे ते तितकं गमतीचं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात मी एका समवयस्क मित्राला लँडलॉर्डचं कौतुक ऐकवत होतो. शेजारी माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. दहावी १९८९. गणितात हुशार. आता त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "सर, एक विचारू? माझे वडील हातभट्टीने गेले. भाऊ इंग्लिशने गेला. आमच्या घरात फरक एवढाच. यात चांगली-वाईट असं खरंच काही असतं का?"

त्याचे वडील गेले तेव्हा तो नववीत होता. मी त्याच्या घरी गेलो होतो. तेव्हाची खराडी म्हणजे ज्वारीची शेतं, नदीकाठचा भाजीपाला आणि चार आळ्यांचं गाव. १९९७ मध्ये ती पुणे महापालिकेत आली, मग आयटी पार्क आले, जमिनीला सोन्याचा भाव आला. काहींनी त्या पैशातून मुलं शिकवली, धंदे काढले. काहींना लोक गुंठामंत्री म्हणू लागले. गळ्यात साखळ्या, दारात गाड्या, आणि हातभट्टीच्या जागी महागडी बाटली. भाऊ त्यातला. चाळिशी गाठली नाही त्याने. तोही माझाच विद्यार्थी. अक्षर फार सुंदर होतं त्याचं.

मी त्याला म्हटलं, "जो विसरण्यासाठी पितो त्याच्यासाठी चांगली अशी कुठलीच नसते." आणि हेही सांगितलं की इंग्लंड काही स्वर्ग नाही. संपूर्ण युनायटेड किंगडममध्ये २०२२ या एका वर्षात दारूमुळे थेट झालेले मृत्यू दहा हजारांच्या वर होते. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने स्पष्टच म्हटलं, की दारूचं कुठलंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. पण प्रमाणात फरक असतो, आणि तो तुझ्या-माझ्यासारख्या गणिताच्या माणसांनी मांडून बघावा, असंही म्हटलं. लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे आम्ही मांडलं. इंग्लंडचा एक पिंट ५६८ मिलिलिटर, लँडलॉर्ड ४.३ टक्के, म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण २४ मिलिलिटर. अमेरिकेचा पिंट लहान, ४७३ मिलिलिटर, पण डबल आयपीए आठ टक्के धरली तर ३८. आणि आपल्याकडची स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटर, आठ टक्के, म्हणजे ५२. आपल्या देशात खपणारी बहुतेक बिअर ही स्ट्राँगच.

तो आकड्यांकडे बघत म्हणाला, "म्हणजे सर, आमची एक बाटली म्हणजे तुमचे दोन ग्लास आणि वर थोडी."

"बरोबर."

"आणि तुम्ही एकावर थांबता. इथे एका बाटलीवर कोण थांबतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण मी त्यावर विचार करत राहिलो. सौ.शी बोललो. ती स्वतः घेत नाही, पण लीड्सच्या त्या पबमध्ये माझ्याबरोबर चहाचा कप घेऊन बसते. ती म्हणाली, "तिथे खिडक्या असतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला माणूस दिसतो. बायका बसलेल्या, पोरं जेवतायत, कोणाचं कुत्रं पायाशी झोपलंय. इतक्या लोकांसमोर माणूस झेपेल एवढंच पितो. आपल्याकडे काळी काच आणि पडदा. बाई माणूस तिथे फक्त नवऱ्याला शोधायला जाते." मी चाळीस वर्षांत जे बोललो नसतो ते तिने दोन मिनिटांत सांगितलं. पब हा शब्द पब्लिक हाऊसवरून आला. चार माणसांनी बसायची जागा. आपल्याकडे ते काम पार करायचा. आमच्या गावच्या पारावर मात्र कोणी पिऊन आला तर त्याला उठवत.

या पडद्याचा इतिहास आहे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. माझ्या लहानपणी प्यायची तर प्रकृतीचं कारण दाखवून परमिट काढावं लागे. बंदी पुढे सैल झाली, पण कायदा आहे आणि 'परमिट रूम' ही पाटीही आहे. दारू बंद केली की ती नाहीशी होत नाही. ती लहान बाटलीत शिरते आणि तीव्र होते, कारण लपवून न्यायची तर कमी जागेत जास्त हवी. अमेरिकेत तेच झालं. तरी दारूबंदी मागणाऱ्या बायकांना मी चूक म्हणणार नाही. आपल्या राज्यात 'उभी बाटली, आडवी बाटली' असं मतदान करून त्या गावातलं दुकान बंद करू शकतात. त्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला मी हॉप्सच्या वासाबद्दल काय सांगणार?

हल्लीची मुलं मात्र चवीबद्दल बोलतात. पुण्यात २००९ साली डूलाली नावाने स्वतःची ताजी बिअर बनवणारी जागा सुरू झाली, मग अशा आणखी निघाल्या. ते नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. तिथल्या छावणीत मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने पडून राहिलेले गोरे सैनिक भ्रमिष्टासारखे वागत, त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. कंटाळा, उकाडा आणि दारू, असं ते दुखणं. आमच्या इमारतीतला एक आयटीवाला मुलगा मला विचारतो, "काका, सायट्रस आवडेल की रोस्टेड?" मला बरं वाटतं. तो किती चढते ते विचारत नाही. फळ्यावर टक्केवारी लिहिलेली असते, ती तो वाचतो. पण अशा एका ग्लासाला जे पैसे पडतात त्यात स्ट्राँगच्या दोन बाटल्या येतात. ज्याच्या खिशात तेवढेच आहेत तो कुठे जाईल, हे सांगायला गणिताचा शिक्षक लागत नाही. ब्रिटनने २०२३ च्या ऑगस्टपासून कर थेट अल्कोहोलच्या प्रमाणावर बसवला. साडेतीन टक्क्यांखालच्या बिअरला मोठी सवलत दिली, तर कित्येक कारखान्यांनी आपली बिअर ३.४ टक्क्यांवर आणली. आपल्याकडेही पाच टक्क्यांच्या खाली-वर असा करात फरक आहे. पण साडेतीन टक्क्यांची, स्वस्त, चवीची बिअर मला खराडीत कुठल्याही फळीवर दिसलेली नाही. ती आली तर हातभट्टीवाला सुधारेल असं नाही. त्याच्या मुलाला सुरुवात कुठून करायची याला एक पर्याय मिळेल, इतकंच.

तर वहीतला निकाल असा. पहिली लँडलॉर्ड, दुसरी सिएरा नेवाडा. शेवटून पहिली ती उन्हातली बाटली, मग बडवायझर, मग गूळ विसरलेली डबल आयपीए. पुढच्या उन्हाळ्यात लीड्सला जाणं होईल, तब्येतीने साथ दिली तर. डॉक्टरांनी अर्ध्या पिंटावर आणलंय, आणि तेवढं पुरतं.

खराडीत मात्र मी बिअर घेत नाही. कोणी बोलावलं तरी नाही. वैद्यकीय कारण नाही, तत्त्वही फारसं नाही. कुठूनही घरी यायचं म्हटलं की त्या हार्डवेअरच्या दुकानावरून यावं लागतं, आणि तो रात्री दहापर्यंत गल्ल्यावर बसलेला असतो. "नमस्कार सर" म्हणतो. मी थांबून दोन शब्द बोलतो.